पंचवीस मीटरची भिंत

एखादं इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे घेतं, म्हणजे आत काय चाललेलं असतं? नऊ हजार म्हणजे सेकंदाला दीडशे फेरे. होंडाच्या एस२००० या गाडीच्या इंजिनात पिस्टन प्रत्येक फेऱ्याला ८४ मिलिमीटर खाली येतो आणि तेवढाच वर जातो. दोन्ही टोकांना तो पूर्ण थांबून उलटा फिरतो, म्हणजे सेकंदात तीनशे वेळा. वरच्या टोकाला त्याला मागे खेचणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेचार हजार पटींहून जास्त भरतं. शंभर ग्रॅमची कुठलीही वस्तू त्या जागी असती तर त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला ती साडेचारशे किलोची वाटली असती. पिस्टनला वरून खाली यायला सेकंदाचा तीनशेवा भाग लागतो, आणि बहुतेक हवा तेवढ्यात आत शिरावी लागते. आणि हे शर्यतीच्या गाडीत नव्हे, तर वॉरंटीसह शोरूममध्ये विकल्या गेलेल्या गाडीत.

या खटाटोपामागचं कारण साधं आहे. इंजिनाची शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. शक्ती वाढवायची तर इंजिन मोठं करा, टर्बोने जास्त हवा कोंबा, नाहीतर तेच इंजिन जास्त वेगाने फिरवा. अमेरिकेने पहिला मार्ग धरला, कारण तिथे पेट्रोल स्वस्त आणि रस्ते लांब. जपानमध्ये गाडीचा वार्षिक कर आणि तिचा वर्गही सीसीवर ठरत आला, त्यामुळे सीसी वाढवणं महाग पडे. त्यातही सोइचिरो होंडा यांच्या कंपनीचा पिंड मोटारसायकलचा. जास्त फेऱ्यांची तिला भीती नव्हती. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना मी होंडालाच मध्यभागी ठेवतो. साठ वर्षांत एकाच घराण्याने हे कोडं इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी सोडवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पुढे जाण्याआधी एक मोजपट्टी हाती घेऊ. नुसत्या आरपीएमवरून इंजिनांची तुलना केली की हमखास फसगत होते. खरा ताण समजतो तो पिस्टनच्या सरासरी वेगावरून: स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनच्या एका दिशेच्या प्रवासाची, दुप्पट गुणिले सेकंदाचे फेरे. एस२०००चा हा वेग नऊ हजारांवर सेकंदाला २५.२ मीटर येतो. आता १९६६ची होंडाची सहा सिलिंडरची आरसी१६६ ही २५० सीसीची शर्यतीची मोटारसायकल घ्या. माइक हेलवुड यांनी तिच्यावर जग जिंकलं. ती १८,००० फेऱ्यांपर्यंत जाई. पण तिचा स्ट्रोक साडेतीन सेंटिमीटरहूनही कमी, त्यामुळे एवढ्या फेऱ्यांवरही पिस्टनचा सरासरी वेग २१ मीटरच्या आतच राही. चाळीस वर्षांनी फॉर्म्युला वनची २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं २०,००० पर्यंत गेली तेव्हा त्यांचा स्ट्रोक चार सेंटिमीटरच्या जवळपास होता. वेग भरला साडेसव्वीस. म्हणजे दुप्पट फेरे घेणारं शर्यतीचं इंजिन आणि शोरूममधली एस२००० यांच्यात पिस्टनच्या वेगाचा फरक जेमतेम सव्वा मीटर. सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास एक भिंत आहे. त्यापलीकडे घर्षण, उष्णता आणि रॉडवरचा ताण एवढ्या झपाट्याने वाढतो की टिकाऊ इंजिन बांधणं परवडत नाही. जास्त फेऱ्यांच्या इंजिनाचा इतिहास म्हणजे या भिंतीपर्यंत पोचण्याचा आणि तिथे तग धरण्याचा इतिहास, असं माझं मत आहे.

आता सुरुवातीकडे. १९६० नंतर जपानच्या उद्योग मंत्रालयाने नव्या मोटार कंपन्यांना मज्जाव करणारा कायदा आणायचं घाटलं. कायदा व्हायच्या आत आपण मोटारी बनवतो हे सिद्ध करणं होंडाला भाग होतं. तो कायदा पुढे झालाच नाही, पण त्या घाईतून १९६३ मध्ये दोन वाहनं बाहेर पडली. पहिलं टी३६०, एक छोटा मालवाहू ट्रक! त्यात साडेतीनशे सीसीच्या आसपासचं, डबल ओव्हरहेड कॅमचं इंजिन होतं आणि त्याची तीस अश्वशक्ती यायची ८,५०० फेऱ्यांवर. भाजीच्या टोपल्या वाहणाऱ्या गाडीत एवढ्या फेऱ्यांचं इंजिन बसवण्याची हिंमत त्या काळी दुसरं कोण करणार? दुसरी गाडी एस५००, ५३१ सीसीची. पुढच्या वर्षी आलेली एस६०० तर ६०६ सीसीत ५७ अश्वशक्ती द्यायची, तीही ८,५०० फेऱ्यांवर, आणि तिची रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, होती ९,५००. त्याच सुमारास मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियरची फियाट ११०० डिलाइट निघू लागली होती. १,०८९ सीसीच्या त्या इंजिनाची शक्ती होती चाळीस अश्वशक्तींच्या आसपास.

एस६००चं इंजिन उघडून पाहिलं की मोटारसायकलच दिसते. चार सिलिंडरना चार कार्ब्युरेटर. क्रँकशाफ्ट साध्या बुश बेअरिंगवर न ठेवता सुईसारख्या रोलरच्या बेअरिंगवर बसवलेला, कारण त्या काळचं तेल आणि त्या काळचे बुश एवढे फेरे सोसतील याची खात्री नव्हती. असा क्रँकशाफ्ट तुकड्यांनी जोडावा लागतो, महाग पडतो, आणि त्याची दुरुस्ती सोपी नसते. नवल असं की या इंजिनाचा स्ट्रोक बोअरपेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासापेक्षा, मोठा आहे, ६५ मिलिमीटर. ९,५०० फेऱ्यांवर त्याच्या पिस्टनचा वेग २०.६ मीटर येतो. १९६४ सालच्या धातूंनी आणि तेलांनी एवढी मजल मारली, ही थोडीथोडकी गोष्ट नाही. १९६६ मध्ये एस८०० आली, ७० अश्वशक्तीची, आणि १९७० मध्ये ही मालिका थांबली.

पुढची दहा-बारा वर्षं धुराचे नियम आणि तेलटंचाईत गेली. होंडाचे इंजिनिअर सीव्हीसीसी या कमी धूर करणाऱ्या इंजिनात गुंतले आणि त्यांनी त्यात मोठं नावही मिळवलं, पण आपल्या विषयाला त्या काळाने फारसं काही दिलं नाही.

अडचण कुठे होती, हे नीट समजून घेतलं पाहिजे. पिस्टन आणि रॉड तोवर सुधारले होते. गाडं अडत होतं श्वासावर. चालताना नाकाने घेतलेला श्वास पुरतो, सिंहगड चढताना तोंड उघडावं लागतं. पण तोंड सतत उघडं ठेवून दिवसभर वावरता येत नाही. जास्त फेऱ्यांवर इंजिनाला पुरेशी हवा मिळायची तर व्हॉल्व्ह खोल आणि जास्त वेळ उघडे राहिले पाहिजेत. तसा कॅम घातला की कमी फेऱ्यांवर इंजिन धडधडतं, आयडलिंगला टिकत नाही, न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतं आणि सिग्नलवरून निघताना मान टाकतं. शर्यतीच्या गाडीला हे चालतं. ऑफिसला जायच्या गाडीला चालत नाही. म्हणून प्रत्येक कॅम ही तडजोड असे आणि तडजोडीचा काटा बहुधा खालच्या फेऱ्यांकडे झुके.

या कोंडीवरचं पहिलं अर्धं उत्तर १९८३च्या सीबीआर४००एफ या मोटारसायकलवर आलं. तिच्यात खालच्या फेऱ्यांवर सिलिंडरच्या चारपैकी दोनच व्हॉल्व्ह काम करत, वर गेल्यावर चारही. पूर्ण उत्तर आलं एप्रिल १९८९ मध्ये, इंटेग्रा गाडीच्या बी१६ए इंजिनात, व्हीटेक या नावाने. हे काम इकुओ काजितानी यांच्या चमूचं. १.६ लिटरच्या इंजिनाकडून लिटरला नव्वद अश्वशक्तीचं लक्ष्य त्यांनी ठेवलं होतं आणि त्या काळी तेच धाडस होतं. संशोधन विभागाचे प्रमुख नोबुहिको कावामोतो यांनी ते थेट शंभरावर नेलं. १,५९५ सीसी, १६० अश्वशक्ती, ७,६०० फेऱ्यांवर, रेडलाइन ८,०००.

व्हीटेकची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दोन व्हॉल्व्हच्या जोडीला एरवी दोन कॅम आणि दोन रॉकर लागतात. इथे तीन-तीन आहेत. बाजूचे दोन कॅम बुटके, मधला उंच. खालच्या फेऱ्यांवर मधला रॉकर उंच कॅमवर नुसताच हलत राहतो, त्याच्या खाली एक स्प्रिंग त्याला कॅमला चिकटवून ठेवते, आणि व्हॉल्व्ह बुटक्या कॅमच्या तालावर चालतात. फेरे पाच हजारांच्या आसपास गेले की एक सोलेनॉइड तेलाचा मार्ग मोकळा करतो. तेलाचा दाब रॉकरच्या पोटातल्या करंगळीहून बारीक पिनांना ढकलतो, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि उंच कॅमच्या हुकमाखाली जातात. ही पिन सरकायला फार थोडा वेळ मिळतो: तिन्ही रॉकर कॅमच्या गोल पाठीवर असतात, व्हॉल्व्ह बंद असतात आणि भोकं समोरासमोर येतात, तेवढाच. पाच हजार फेऱ्यांवर ही खिडकी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकीसुद्धा रुंद राहत नाही. आणि हे लाखो गाड्यांत, वर्षानुवर्षं, साध्या इंजिन ऑइलवर चालतं. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं इंजिन बी१६ए हेच. त्याच्या पिस्टनचा वेग एस६००एवढाच, २०.६ मीटर, म्हणजे धातूकडून त्याने काही जास्त मागितलं नाही. फक्त श्वास मोकळा केला आणि वर इंजिनाला सौजन्यही शिकवलं.

आपल्याकडे या तंत्राची पहिली चव बहुतेकांना २०००च्या सुमारास आलेल्या सिटी व्हीटेकने दिली. ते एकाच कॅमशाफ्टचं, सौम्य रूप होतं, दीड लिटर आणि शंभरावर थोडी अश्वशक्ती. तरी पुण्या-मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या बोलण्यात त्या सिटीचं नाव आजही जपून ठेवल्यासारखं येतं, आणि ते योग्यच आहे.

व्हीटेकनंतर जपानमध्ये चढाओढ लागली. मित्सुबिशीने १९९२ मध्ये माइव्हेक आणलं, टोयोटाने सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह लावले आणि पुढे यामाहाच्या मदतीने २झेडझेड बांधलं, निसाननेही १.६ लिटरमधून दोनशे अश्वशक्ती काढून दाखवली. ही सगळी चांगली इंजिनं आहेत, पण त्यांनी प्रश्न बदलला नाही. होंडाने मात्र एक पाऊल पुढे टाकून धातूला हात घातला. १९९०च्या एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड होते, शोरूममधल्या गाडीत पहिल्यांदाच. रॉड हलका झाला की तो ओढणारं बलही घटतं, आणि तीन लिटरचं व्ही-६ इंजिन आठ हजारांपर्यंत नेता येतं.

१९९५च्या इंटेग्रा टाइप आरमध्ये टायटॅनियम परवडणार नव्हतं. तिथे बी१८सी इंजिनाच्या सिलिंडर हेडमधले हवेचे मार्ग कारागिरांनी हाताने घासून गुळगुळीत केले. ओतकामात राहिलेला खडबडीतपणा, जोडावर राहिलेली एखादी कोर काढायची, बोट फिरवून पाहायचं, पुन्हा घासायचं. दोनशे अश्वशक्ती, १,७९७ सीसी, आठ हजार फेऱ्यांवर. या इंजिनाचा स्ट्रोक ८७.२ मिलिमीटर आहे आणि रेडलाइन ८,४००, म्हणजे पिस्टनचा वेग २४.४ मीटर. बी१६एपासून सहा वर्षांत जवळजवळ चार मीटरची उडी! टाइप आरचं नाव निघालं की लोक लाल बिल्ला आणि पांढरा रंग आठवतात. मला ही उडी आठवते. १९९७ची सिव्हिक टाइप आर १.६ लिटरमध्ये १८५ अश्वशक्तीवर गेली, पण खरं साहस आधीच झालं होतं.

मग १९९९. एस२००० आणि तिचं एफ२०सी इंजिन. गाडीची धुरा शिगेरू उएहारा यांच्याकडे होती, एनएसएक्स घडवणारेही तेच. १,९९७ सीसी, जपानी बाजारात २५० अश्वशक्ती ८,३०० फेऱ्यांवर, रेडलाइन ९,०००. हे इंजिन पूर्वीच्या कुठल्या इंजिनाला ताणून केलेलं नव्हतं, नव्याने आखलेलं होतं. सिलिंडरच्या भिंती तंतूंनी बळकट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, पिस्टन घडीव, क्रँकशाफ्टला खालून शिडीसारख्या एकसंध चौकटीने धरलेलं. व्हीटेकच्या रॉकरला रोलर दिले, कारण घासत चालणारा रॉकर एवढ्या फेऱ्यांवर शक्ती खातो. चेन थेट कॅमपर्यंत न नेता मध्ये गिअर घातला, त्यामुळे हेड आटोपशीर झालं. कॉम्प्रेशन ११.७. आणि पिस्टनचा वेग, सुरुवातीला सांगितला तो, २५.२. भिंत गाठली.

त्या गाडीवर आक्षेप होते आणि ते खोटे नव्हते. २१८ न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क ७,५०० फेऱ्यांवर मिळे. सहा हजारांच्या खाली ती दोन लिटरच्या एखाद्या समजूतदार गाडीसारखी वागे. घाटात मागून येणारी डिझेल गाडी गिअर न बदलता पुढे निघून जाऊ शके. पण एफ२०सी चालवणाऱ्याकडून काम मागतं आणि त्या बदल्यात मोबदला देतं, हा दोष नाही असं मी मानतो. सहा हजारांच्या आसपास कॅम बदलतो, आवाज खालच्या पट्टीतून वरच्यात जातो आणि पुढच्या तीन हजार फेऱ्यांत शक्ती जवळजवळ शेवटपर्यंत वाढत राहते. बहुतेक इंजिनं तिथे थकलेली असतात. ही तीन हजारांची जागा मिळवण्यासाठी योग्य गिअर योग्य वेळी हवा, आणि चुकलात तर इंजिन माफ करत नाही. वरच्या गिअरऐवजी चुकून खालचा पडला तर रेव्ह लिमिटरचा उपयोग नसतो. तो पेट्रोल तोडतो, पण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. तेव्हा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना साथ देता येत नाही, व्हॉल्व्ह कॅमपासून सुटतो आणि पिस्टनला भेटतो.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या एस२०००चा स्ट्रोक ९०.७ मिलिमीटर केला गेला, इंजिन २.२ लिटरचं झालं आणि रेडलाइन आठ हजारांवर आली. पुढे जपानमध्येही तेच इंजिन गेलं. गाडीच्या चाहत्यांनी याला माघार म्हटलं, आजही म्हणतात. गणित तसं सांगत नाही. आठ हजारांवर या इंजिनाच्या पिस्टनचा वेग २४.२ मीटर आहे. लांब स्ट्रोक घेऊन नऊ हजार गाठायचे तर तो २७ मीटरच्या वर गेला असता, म्हणजे फॉर्म्युला वनच्याही पुढे. इंजिनिअर भिंतीपाशीच उभे होते, फक्त त्यांनी उभं राहायची जागा बदलली आणि रोजच्या वापराला थोडा टॉर्क मिळवून दिला. मला स्वतःला जुनं इंजिन जास्त आवडतं, पण नवं कमअस्सल होतं हे म्हणणं अन्यायाचं आहे. २००९ मध्ये गाडी बंद झाली. दहा वर्षांत साधारण एक लाख दहा हजार गाड्या बनल्या.

के२०ए या पुढच्या कुळात व्हीटेकला कॅमचा कोन सतत बदलण्याची जोड मिळाली. ८६ बाय ८६ मिलिमीटरचं चौरस इंजिन, २००७च्या सिव्हिक टाइप आरमध्ये २२५ अश्वशक्ती, रेडलाइन ८,४००, वेग पुन्हा २४.१. कमी फेऱ्यांवरही ते बऱ्यापैकी ओढे. सर्वांगाने पाहिलं तर रोज वापरायला हेच सर्वांत शहाणं इंजिन.

आणि २०१५ मध्ये सिव्हिक टाइप आरला टर्बो लागला. ३१० अश्वशक्ती ६,५०० फेऱ्यांवर, ४०० न्यूटन मीटर अडीच हजारांपासूनच, रेडलाइन ७,०००. कारणं उघड होती. फेऱ्यांबरोबर घर्षण वाढतं आणि घर्षण म्हणजे जळलेलं पेट्रोल. युरोपातले कार्बन डायऑक्साइडचे नियम ते मोजू लागले होते. टर्बोवाली गाडी चाचणीत कमी पेट्रोल पिऊन दाखवते आणि रस्त्यावर कुठल्याही गिअरमध्ये ओढते. एस२०००च्या जवळजवळ दुप्पट टॉर्क, तोही तिच्या एक तृतीयांश फेऱ्यांवर. गाडी म्हणून ती प्रत्येक मोजमापात सरस आहे आणि हा निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण फेऱ्यांची शेवटची दोन हजारांची चढण त्यात उरली नाही, आणि ती कुठल्याही टॉर्कने भरून निघत नाही.

ती चढण आज जिवंत आहे ती मुख्यतः जर्मनीत, पोर्शच्या ९११ जीटी३ मध्ये. १९९९च्या पहिल्या जीटी३ची रेडलाइन ७,८०० होती. २०१३ मध्ये नवं ३.८ लिटरचं इंजिन आलं आणि पोर्शने नऊ हजार गाठले, ४७५ अश्वशक्तीसह. किंमतही मोजावी लागली. २०१४च्या सुरुवातीला काही गाड्यांना आग लागली, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत असल्याचं निष्पन्न झालं आणि कंपनीने ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. नंतर कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फिंगर फॉलोअरच्या झिजेच्या तक्रारी आल्या आणि वॉरंटी दहा वर्षांवर न्यावी लागली. एवढं झाल्यावर फेरे कमी करणं सोपं होतं. पोर्शने उलट केलं: २०१७च्या चार लिटरच्या इंजिनात टॅपेटची फट आपोआप भरून काढणारी हायड्रॉलिक व्यवस्थाच काढून टाकली. फट कारखान्यात योग्य जाडीच्या चकत्या घालून एकदा ठरवायची, पुन्हा हात लावायचा नाही. हलते भाग कमी, वजन कमी, स्प्रिंगांवरचा भार कमी. स्ट्रोक ८१.५ मिलिमीटर, नऊ हजारांवर वेग २४.५ मीटर. १९६४च्या रोलर बेअरिंगपासून सुरू झालेली ही वाट पुन्हा त्याच भिंतीपाशी येते.

गॉर्डन मरे यांच्या टी.५० गाडीसाठी कॉसवर्थने बांधलेलं चार लिटरचं व्ही-१२ इंजिन १२,१०० फेरे घेतं. हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण स्ट्रोक ६३.८ मिलिमीटर आहे आणि गुणाकार केला की २५.७ येतात. पण टी.५० शंभरच बनवायच्या ठरल्या. जीटी३चं तसं नाही, ती आजही यादीत आहे. २०२४च्या आवृत्तीत धूर स्वच्छ ठेवण्यासाठी जास्तीचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घालावे लागले, त्यांनी इंजिनाचा श्वास थोडा कोंडला आणि टॉर्क ४७० वरून ४५० न्यूटन मीटरवर आला. ५१० अश्वशक्ती मात्र तेवढीच राखली आहे, आणि ती आता येते ८,५०० फेऱ्यांवर, आधीपेक्षा शंभर फेरे वर.